उपग्रहाधारित इंटरनेट : कुटुंबाचा हिशेब आणि धोरणाचे प्रश्न

महाराष्ट्र शासनाने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टारलिंक या उपग्रहाधारित इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीबरोबर इरादापत्रावर स्वाक्षरी केली. अशा प्रकारचे पाऊल टाकणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांतील शासकीय संस्था आणि दुर्गम वस्त्या उपग्रहामार्फत जोडणे, हा त्यामागील हेतू आहे. या वार्तेनंतर सर्वसामान्य माणसाच्या मनात साहजिकच एक प्रश्न उभा राहिला. घराच्या छपरावर एक तबकडी बसविली की खेड्यातील इंटरनेटचा प्रश्न कायमचा मिटेल काय?

या प्रश्नाचे उत्तर घर कोठे आहे यावर अवलंबून आहे. राजस्थानातील कानोता हे गाव जयपूरपासून सुमारे १५ किलोमीटर अंतरावर, जयपूर-आग्रा महामार्गावर वसलेले आहे. याच गावच्या ठाकूर घराण्यातील अमरसिंह यांनी १८९८ ते १९४२ या काळात लिहिलेली ८९ खंडांची दैनंदिनी अभ्यासकांना परिचित आहे. आज मात्र हे गाव महानगराच्या वाढत्या सीमेवरचे गाव म्हणून ओळखले जाते. दुसरीकडे, नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुका सातपुड्याच्या कड्याकपारींत विखुरलेला आहे. या दोन ठिकाणच्या कुटुंबांना एकच तंत्रज्ञान एकाच दराने मिळाले, तरी त्याचे आर्थिक मूल्य सारखे राहत नाही. त्यामुळे उपग्रह इंटरनेटच्या गुणदोषांची चर्चा अंतर, लोकवस्तीची घनता आणि उपलब्ध पर्याय या तीन गोष्टी बाजूला ठेवून करता येत नाही.

कक्षेची उंची आणि विलंब

घरावरील दूरचित्रवाणीची तबकडी आपल्या परिचयाची आहे. ती केवळ संदेश ग्रहण करते. इंटरनेटसाठी मात्र दुतर्फा संपर्क लागतो. घरातील यंत्राने उपग्रहाकडे मागणी पाठवायची, उपग्रहाने ती जमिनीवरील भूकेंद्राकडे द्यायची, आणि भूकेंद्र इंटरनेटच्या जाळ्यातून मिळविलेले उत्तर त्याच मार्गाने परत पाठविणार. म्हणजे एका मागणीसाठी संदेशाला जमीन आणि उपग्रह यांमधील अंतर चार वेळा कापावे लागते.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. पृथ्वीच्या परिवलनाबरोबर फिरत असल्यामुळे तो जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो, आणि तबकडी एकदा त्याच्या दिशेने बसविली की पुरे होते. तथापि, या उंचीच्या चौपट अंतर कापण्यास प्रकाशाच्या वेगानेही सुमारे ०.४८ सेकंद लागतात. यंत्रणेतील इतर विलंब धरल्यास हा काळ अर्ध्या सेकंदाहून अधिक होतो. चित्रफीत पाहताना किंवा पाठ्यसामग्री उतरवून घेताना एवढ्या विलंबाने बिघडत नाही. परंतु समोरासमोरच्या संभाषणात, ऑनलाइन वर्गात किंवा दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यात तो चांगलाच जाणवतो.

निम्न भूकक्षेतील उपग्रहांनी हे चित्र पालटले. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर, तर युटेलसॅट वनवेबचे सुमारे १,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. ५५० किलोमीटरच्या चौपट अंतरास प्रकाशाला सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो. म्हणून प्रत्यक्ष वापरातील विलंब फायबरच्या जवळ पोहोचतो. मात्र कमी उंचीची किंमत संख्येत मोजावी लागते. खालच्या कक्षेतील उपग्रह काही मिनिटांत माथ्यावरून निघून जातो; त्यामुळे अखंड सेवेसाठी उपग्रहांचे जाळेच लागते. २०२५ मध्ये स्टारलिंकचे आठ हजारांहून अधिक उपग्रह कक्षेत होते. त्यांचे आयुष्य साधारणतः पाच वर्षे असते, तर भूस्थिर उपग्रहाचे सुमारे पंधरा वर्षे. परिणामी हा उद्योग सतत नव्याने भांडवल मागत राहतो, आणि तो खर्च शेवटी ग्राहकाच्या मासिक शुल्कात उतरतो.

आर्वी ते जीसॅट

उपग्रहाचा ग्रामीण विकासासाठी उपयोग करण्याची कल्पना भारताला नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात ‘साइट’ हा प्रयोग राबविण्यात आला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने राजस्थानसह सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत शेती, आरोग्य व शिक्षणविषयक कार्यक्रम दाखविले गेले. तेव्हा दूरचित्रवाणी संच घराघरांत नव्हते. गावाचा एक सामायिक संच होता. या तपशिलाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

महाराष्ट्रातील अनुभव अधिक बोलका आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात आर्वी येथे १९७१ मध्ये भारताचे पहिले व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र कार्यान्वित झाले. डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव त्याला पुढे देण्यात आले. परदेशी दूरध्वनी आणि दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण यांसाठी या केंद्राचे महत्त्व मोठे होते. कालांतराने समुद्राखालील केबलची क्षमता वाढली, दर उतरले आणि ही वाहतूक बहुतांशी केबलकडे गेली. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारानेही १९९४ मध्ये व्यवहार सुरू करताना दलालांना उपग्रहामार्फत जोडले. त्या काळी देशभर विश्वासार्ह तारा उपलब्ध नव्हत्या, म्हणूनच छपरांवरील लहान तबकड्यांनी मुंबईबाहेरच्या गुंतवणूकदाराला बाजार खुला करून दिला. नंतर जमिनीवरील वेगवान जोडण्या मिळू लागल्या तसा दलालांचा कल तिकडे वळला.

या दोन्ही उदाहरणांत एकच क्रम दिसतो. उपग्रह प्रथम पोहोचतो, बाजारपेठ निर्माण करतो, आणि वाहतूक पुरेशी दाट झाली की तार त्याची जागा घेते. उपग्रह नाहीसा होत नाही. जिथे तार जाणे परवडत नाही तिथे, आणि तार तुटल्यावरचा पर्याय म्हणून तो टिकून राहतो.

अलीकडच्या काळात इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ या २०१८ मधील उपग्रहांच्या आधारे सप्टेंबर २०२२ मध्ये देशात अधिक क्षमतेची व्यावसायिक ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रक्षेपित झालेल्या जीसॅट-एन २ या उपग्रहाची क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट आहे. त्याच्या ३२ शलाकांपैकी ८ अरुंद शलाका केवळ ईशान्य भारतासाठी राखलेल्या आहेत. वनवेबचे ७२ उपग्रह ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये इस्रोच्याच एलव्हीएम-३ यानाने सोडले होते. त्यामुळे ‘उपग्रह इंटरनेट म्हणजे परदेशी कंपनी’ हे समीकरण अपुरे आहे.

कानोत्यातील घर

आता कुटुंबाच्या हिशेबाकडे वळू. भारतातील घरगुती सेवेचा अंदाज बांधण्यासाठी शेजारी देशांतील दर उपयोगी पडतात. भूतानमध्ये २०२५ च्या आरंभी स्टारलिंकची सेवा सुरू झाली तेव्हा तिचे मासिक शुल्क योजनेनुसार ३,००० आणि ४,२०० न्गुल्ट्रम होते. न्गुल्ट्रमचे मूल्य भारतीय रुपयाइतकेच ठेवलेले असल्याने हे आकडे थेट रुपयांत वाचता येतात. भारताच्या शहरांत व मोठ्या गावांत फायबरच्या प्राथमिक योजना साधारणतः ४०० ते ५०० रुपयांपासून मिळतात.

उदाहरणादाखल उपग्रह संचाची किंमत ३३,००० रुपये मानू आणि ती पाच वर्षांत विभागू. दरमहा ५५० रुपये होतात. मासिक शुल्क ३,००० रुपये धरले. तिसरा खर्च विजेचा असून तो बहुधा कोणी मोजत नाही. आकाशातील सरकत्या उपग्रहांचा मागोवा घेणाऱ्या तबकडीस ७५ वॅट वीज सतत लागते असे धरल्यास महिन्याला ५४ युनिट होतात. साडेसहा रुपये दराने ही रक्कम सुमारे ३५० रुपये होते. एकूण मासिक खर्च ३,९०० रुपयांच्या घरात जातो, म्हणजे फायबरच्या सुमारे आठ ते दहा पट. यात वस्तू व सेवा कर धरलेला नाही.

महामार्गालगत, शहराच्या केबलच्या टप्प्यात असलेल्या घराला हा जादा खर्च सोसण्याचे आर्थिक कारण सापडणे कठीण आहे. फायबरचा मुख्य खर्च चर खणण्याचा किंवा खांबांवरून तार नेण्याचा असतो. तो एकदा झाला की एकाच तारेवर अनेक घरे जोडता येतात आणि दर घरामागचा खर्च उतरत जातो. परंतु जयपूर परिसरात वस्तीची रचना एकसारखी नाही. मुख्य गावापासून दूर, शेतांमध्ये चार-सहा घरांच्या ‘ढाण्या’ असतात. अशा ढाणीपर्यंत दोन-तीन किलोमीटर तार नेण्याचा खर्च पाच घरांवर वाटायचा झाल्यास कोणतीही कंपनी पुढे येणार नाही. इथे उपग्रहाचा खरा गुण प्रकट होतो. अंतर वाढले म्हणून त्याचा खर्च वाढत नाही. ढाणीतील घर आणि महामार्गावरील घर त्याच्या दृष्टीने समान आहेत.

तरीही ढाणीतील विद्यार्थ्याने प्रथम भ्रमणध्वनीच्या संकेताची ताकद तपासणे शहाणपणाचे ठरेल. टॉवर दृष्टिपथात असेल तर बाहेरच्या भिंतीवर अँटेना बसवून मिळणारी बिनतारी ब्रॉडबँड सेवा उपग्रहापेक्षा बरीच स्वस्त पडते.

अक्राणीतील डोंगराळ पाड्यांवर अथवा गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात हा पर्यायही अनेकदा नसतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा काळात जमिनीवरील तार दुरुस्त करण्यास माणूसही पोहोचू शकत नाही. रेशन दुकानातील यंत्र, प्राथमिक आरोग्य केंद्राचा दूरस्थ सल्ला, शिष्यवृत्तीचा अर्ज या सर्वांना संपर्क लागतो, आणि तो तुटल्यास नुकसान धान्य न मिळण्यात किंवा अर्जाची मुदत टळण्यात मोजावे लागते. तिथे ३,९०० रुपये महाग आहेत की नाहीत, हे फायबरच्या दराशी तुलना करून ठरत नाही. संपर्क नसण्याची किंमत किती, हा तिथला प्रश्न आहे. मात्र ज्या कुटुंबाला ही किंमत सर्वाधिक मोजावी लागते, त्याची देण्याची क्षमता सर्वांत कमी असते. बाजारव्यवस्था एकटी हा पेच सोडवू शकत नाही.

क्षमतेची मर्यादा

उपग्रह इंटरनेटविषयी सर्वांत मोठा गैरसमज क्षमतेबाबत आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्री डॉ. पेम्मासानी चंद्रशेखर यांनी स्टारलिंकला भारतात केवळ २० लाख ग्राहक घेता येतील असे सांगितले. पहिल्या पिढीच्या उपग्रहांची भारतावरील एकूण क्षमता सेकंदाला सुमारे ६०० गिगाबिट असल्याचेही त्या काळात प्रसिद्ध झाले. साधा भागाकार केला तर सर्व २० लाख ग्राहकांनी एकाच वेळी वापर केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ०.३ मेगाबिट येतात. जाहिरातीत सांगितला जाणारा २०० मेगाबिटचा वेग एका क्षणी केवळ ३,००० ग्राहकांना पूर्णपणे मिळू शकतो.

अर्थात सर्व ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत. प्रत्येक दूरसंचार व्यवस्था याच गृहीतकावर चालते. फरक प्रमाणाचा आहे. घरापर्यंत फायबर नेण्याच्या प्रचलित पद्धतीत सुमारे २.५ गिगाबिटची एक शाखा जास्तीत जास्त ६४ घरांत वाटली, तरी प्रत्येकाला ३९ मेगाबिट उरतात. फायबरची क्षमता टोकाची यंत्रे बदलून वाढविता येते; उपग्रहाची क्षमता वाढविण्यास नवे उपग्रह सोडावे लागतात. शिवाय उपग्रहाची क्षमता भूभागावर पसरलेली असते. एकाच शहरात ग्राहक दाटले तर तिथली शलाका तुंबते आणि गडचिरोलीवरची शलाका रिकामी राहते. नव्वद कोटींहून अधिक ब्रॉडबँड ग्राहक असलेल्या देशात २० लाख हा आकडा पाव टक्क्यापेक्षाही कमी आहे. उपग्रह हा भारतनेटला पर्याय ठरू शकत नाही, याचे कारण या अंकगणितात आहे.

ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली होती. तिचेच नाव पुढे भारतनेट झाले आणि महाराष्ट्रात तिचा दुसरा टप्पा महानेट या नावाने राबविण्यात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमास मान्यता मिळाली. त्यातही अतिदुर्गम ठिकाणांसाठी उपग्रहाचे साहाय्य घेतले जाते, हे लक्षात घ्यावे.

पाऊस आणि एकाच जाळ्यावरचे अवलंबन

सूक्ष्म लहरींचा काही अंश पावसाचे थेंब शोषून घेतात. वारंवारता जितकी उच्च तितकी ही गळती अधिक. म्हणून जयपूर परिसरातील कोरड्या हवेत जी सेवा वर्षातील बहुतेक दिवस सुरळीत चालेल, ती कोकणातील मुसळधार पावसात काही मिनिटे वा अधिक काळ खंडित होऊ शकते. निम्न कक्षेतील उपग्रहांसाठी तबकडीस आकाशाचा मोठा मोकळा भाग दिसावा लागतो. दाट झाडी किंवा अरुंद दरी असल्यास व्यत्यय येतो. जंगलातील वस्तीस ही अडचण किरकोळ म्हणता येणार नाही.

सर्व ग्राहक एकाच कंपनीच्या जाळ्यावर असणे हीदेखील जोखीम आहे. २४ जुलै २०२५ रोजी अंतर्गत संगणक प्रणालीतील बिघाडामुळे स्टारलिंकची सेवा जगभर सुमारे अडीच तास बंद पडली होती.

एक विषयांतर येथे क्षम्य ठरावे. आर्वीपासून जवळच, त्याच जुन्नर तालुक्यात, खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. विश्वातील अतिक्षीण रेडिओ लहरी टिपणे हे तिचे कार्य. २०२३ मध्ये युरोपातील लोफार दुर्बिणीच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासात स्टारलिंक उपग्रहांच्या विद्युत यंत्रणेतून ११० ते १८८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात अनाहूत उत्सर्जन आढळले. खोडदची दुर्बीणही या पट्ट्यात निरीक्षणे करते. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात त्याचे हे उत्तम उदाहरण होय : व्यवहार कंपनी आणि ग्राहक यांच्यात होतो, पण त्याची किंमत तिसऱ्यालाच मोजावी लागते.

स्पेक्ट्रम : लिलाव की वाटप

भ्रमणध्वनी कंपन्यांना स्पेक्ट्रम लिलावात घ्यावा लागतो. उपग्रह सेवेस तो प्रशासकीय पद्धतीने द्यावा काय, हा वाद काही वर्षे चालला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टू-जी प्रकरणातील परवाने रद्द करताना लिलावाचा आग्रह धरला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींच्या पृच्छेवर मत देताना, प्रत्येक नैसर्गिक संसाधनासाठी लिलाव हाच एकमेव मार्ग नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या पहिल्या अनुसूचीत ज्या सेवांना प्रशासकीय वाटप करता येईल त्यांची यादी असून तीत काही उपग्रहाधारित सेवांचा समावेश आहे. यामागील तांत्रिक युक्तिवाद असा की, एकाच वारंवारतेचा वापर अनेक उपग्रह कंपन्या समन्वयाने करू शकतात. भ्रमणध्वनीप्रमाणे एकास विशेषाधिकार द्यावा लागत नाही.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ९ मे २०२५ रोजी शिफारशी केल्या. समायोजित सकल महसुलाच्या ४ टक्के स्पेक्ट्रम शुल्क, प्रति मेगाहर्ट्झ वार्षिक किमान ३,५०० रुपये, आणि निम्न कक्षेतील घरगुती स्वरूपाच्या सेवेसाठी शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये अतिरिक्त, असे त्यांचे स्वरूप होते. ग्रामीण ग्राहकास हा अधिभार नाही. भ्रमणध्वनी कंपन्यांच्या संघटनेने समान स्पर्धेचा मुद्दा मांडून यास आक्षेप घेतला. त्यात काही अंशी तथ्य आहे. मात्र देशातील दोन मोठ्या भ्रमणध्वनी कंपन्यांनी मार्च २०२५ मध्येच स्टारलिंकच्या सेवेचे वितरण करण्यासाठी करार जाहीर केले होते, हेही विसरता येत नाही.

परवान्याबाबतचा एक जुना प्रसंग ग्राहकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २०२१ मध्ये परवाना नसताना स्टारलिंकने भारतात ९९ डॉलर घेऊन पूर्वनोंदणी सुरू केली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये शासनाने जनतेस सावध केले आणि कंपनीस रकमा परत कराव्या लागल्या. दूरसंचार विभागाचा परवाना तिला जून २०२५ मध्ये आणि इन-स्पेसची मान्यता जुलै २०२५ मध्ये मिळाली. त्यापूर्वी मे २०२५ मध्ये जारी झालेल्या सुरक्षा अटींनुसार भारतीय ग्राहकांची माहिती देशातच ठेवणे, भूसीमेपासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात विशेष देखरेख, आणि भूभागावरील यंत्रणेत पाच वर्षांत किमान २० टक्के स्वदेशीकरण बंधनकारक आहे. या अटींनी सेवेचा खर्च काहीसा वाढतो. सीमावर्ती देशास तो टाळता येण्याजोगा नाही.

अनुदान कोणास

दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलातून ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवा दायित्व निधीस मिळत आली आहे. या निधीस २००३ च्या कायदादुरुस्तीने वैधानिक दर्जा मिळाला आणि २०२३ च्या अधिनियमाने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. सेवावंचित ग्रामीण भागात ग्राहक संचासाठी शासनाने अनुदानाचा विचार करावा, असेही प्राधिकरणाने सुचविले आहे.

हे अनुदान प्रत्येक घराला द्यावे की गावाला, याचा विचार मात्र स्वतंत्रपणे व्हावयास हवा. वर धरलेला ३,९०० रुपयांचा मासिक खर्च ४० घरांच्या पाड्याने वाटून घेतला तर घरामागे ९८ रुपये पडतात. वेग अर्थातच कमी मिळेल, परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचा व्यवहार आणि परीक्षेचे प्रवेशपत्र यांसाठी तो पुरेसा आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानासारख्या ठिकाणाहून सार्वजनिक वाय-फाय देण्याची तरतूद आहेच. घरगुती योजनेच्या अटींत असे सामायिक वितरण सहसा बसत नाही; त्यासाठी सामुदायिक जोडणीचा वेगळा दर कंपनीकडून ठरवून घ्यावा लागेल. साइट प्रयोगातील गावच्या एका संचाची आठवण इथे होते. तेव्हा संच बिघडल्यावर दुरुस्ती कोणी करावी याची व्यवस्था प्रयोगाचाच भाग होती. पाड्यावरील तबकडीची वीजआकारणी, देखभाल आणि मासिक शुल्क ग्रामपंचायतीने द्यावे, आश्रमशाळेने की आरोग्य केंद्राने, हे अनुदानाच्या आदेशातच नमूद असावे लागेल.

कानोत्यासारख्या गावांबाबत शेवटचा प्रश्न वर्गीकरणाचा आहे. महानगराला लागून वाढणारे गाव शहरी धरले तर ५०० रुपयांचा अधिभार लागू होईल, ग्रामीण धरले तर ते अनुदानाच्या रांगेत येईल. अधिभार महिन्याला ४२ रुपयेच असल्याने त्यामुळे कोणाचा निर्णय बदलणार नाही. मात्र संचाचे अनुदान हजारो रुपयांचे असू शकते. महामार्गावरील घरास ते मिळाले आणि अक्राणीतील पाडा मर्यादित ग्राहकसंख्येबाहेर राहिला, तर निधीचा हेतूच बाजूला पडेल. म्हणून पात्रता ठरविताना गावाच्या महसुली नोंदीऐवजी त्या घराच्या ठिकाणी फायबर किंवा भ्रमणध्वनीचा संकेत प्रत्यक्ष उपलब्ध आहे काय, हा निकष लावणे अधिक उचित ठरते. अशी पडताळणी घरनिहाय करणे आज शक्य आहे, कारण उपग्रह संचाची जागा अक्षांश-रेखांशासह नोंदविली जाते.